वीस टक्के साखर, तीन बाटल्या, तीन उत्तरे : वजन-आकारमान टक्केवारीची द्रावणे पुन्हा पुन्हा का चुकतात

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांत एक तक्रार दर वर्षी येते. पोलॅरिमीटरवर, म्हणजे द्रावणातून जाताना ध्रुवित प्रकाश किती अंशांनी वळतो ते मोजणाऱ्या उपकरणावर, साखरेचे विशिष्ट वलन, म्हणजे ज्याला सगळेच स्पेसिफिक रोटेशन म्हणतात ते, काढायचे असते. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशासाठी त्याचे प्रमाण मूल्य सुमारे ६६.५ अंश आहे, आणि विद्यार्थ्यांचे उत्तर मात्र ५९ ते ६१ च्या आसपास येऊन थांबते. मग उपकरणाला दोष दिला जातो, सोडियमचा दिवा जुना झाला असे म्हटले जाते, साखर किराणा दुकानातली आहे म्हणून ती अशुद्ध असणार असे ठरवले जाते, आणि शेवटी वहीत "निरीक्षणातील त्रुटी" एवढे दोन शब्द लिहून प्रयोग संपवला जातो. मी अनेक वर्षे प्रयोगशाळेत द्रावणे तयार करण्याचे आणि विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याचे काम केले आहे. या तक्रारीच्या मुळाशी मला जवळजवळ प्रत्येक वेळी उपकरण नव्हे, तर द्रावणाची बाटली आढळली. साधी पांढरी साखर ९९ टक्क्यांहून अधिक शुद्ध सुक्रोज असते. तिच्यामुळे उत्तर दहा टक्क्यांनी घसरू शकत नाही.

एका वर्षी हे फार स्पष्टपणे दिसले. तीन तुकड्यांना प्रत्येकी "२० टक्के साखरेचे द्रावण" करायला सांगितले होते. तिन्ही बाटल्यांवर तेच शब्द लिहिलेले होते, साखर एकाच डब्यातली होती, नळी २० सेंटिमीटरची होती आणि उपकरणही एकच होते. तरीही पहिल्या बाटलीचा कोन २३.७ अंशांच्या जवळ आला, दुसरीचा २६.६ आणि तिसरीचा २८.८. पहिल्या तुकडीने २० ग्रॅम साखरेत १०० मिलिलीटर पाणी मोजून ओतले होते. दुसरीने २० ग्रॅम साखर थोड्या पाण्यात विरघळवून व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये, म्हणजे ठरावीक आकारमानाची खूण असलेल्या चंबूत, एकूण द्रावण १०० मिलिलीटरच्या खुणेपर्यंत भरले होते. तिसरीने २० ग्रॅम साखर आणि ८० ग्रॅम पाणी घेतले होते, कारण त्यांच्या मते वीस आणि ऐंशी मिळून शंभर होतात. तिघांनीही प्रामाणिकपणे आणि काळजीपूर्वक काम केले होते. फरक होता तो फक्त "शंभर" म्हणजे कशाचे शंभर, या एका प्रश्नाच्या उत्तरात.

वजन-आकारमान टक्केवारीत ते शंभर म्हणजे तयार झालेल्या द्रावणाचे १०० मिलिलीटर. द्राव्य, म्हणजे विरघळवायचा पदार्थ, ग्रॅममध्ये तोलायचे आणि पूर्ण द्रावणाचे आकारमान मिलिलीटरमध्ये मोजायचे. द्रावकाचे, म्हणजे येथे पाण्याचे, आकारमान या व्याख्येत कुठेही येत नाही. पाणी किती लागले हे आपण ठरवत नाही, ते फ्लास्कवरची खूण ठरवते. प्रयोगशाळेत याला डब्ल्यू बाय व्ही म्हणण्याची पद्धत आहे. ही टक्केवारी खरे तर आपल्या घरातही येऊन पोहोचलेली आहे. हिमोग्लोबिन १२ ग्रॅम टक्के आहे असे आपण म्हणतो, तेव्हा १०० मिलिलीटर रक्तात १२ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे असेच सांगत असतो. त्यात कोणी १०० मिलिलीटर द्रव वेगळा घेऊन १२ ग्रॅम मिसळलेले नसतात, हे लक्षात आणून दिले की विद्यार्थ्यांना व्याख्येतला मुद्दा लगेच पटतो.

पहिल्या बाटलीत नेमके काय झाले हे आकड्यांत पाहणे उपयोगी आहे. पाण्यात विरघळलेली एक ग्रॅम साखर सुमारे ०.६२ मिलिलीटर जागा घेते. म्हणजे २० ग्रॅम साखरेत १०० मिलिलीटर पाणी घातल्यावर द्रावण १०० नव्हे, तर सुमारे ११२.४ मिलिलीटर होते. खरी संहती, म्हणजे द्रावणातील साखरेचे प्रमाण, २० ÷ ११२.४ × १०० = १७.८ टक्के. विशिष्ट वलनाच्या सूत्रात कोनाला नळीच्या डेसिमीटरमधील लांबीने आणि प्रति मिलिलीटर ग्रॅममधील संहतीने भागायचे असते. कोन १७.८ टक्के द्रावणाचा आणि भागाकार २० टक्क्यांचा, म्हणून उत्तर ५९.२ येते. तिसऱ्या बाटलीतील द्रावण वजनाला वजन या हिशेबाने २० टक्के होते. त्याची घनता सुमारे १.०८१ असल्यामुळे वजन-आकारमानाच्या हिशेबाने ते २१.६ टक्के झाले आणि कोन वर गेला.

चूक पाण्याची की उपकरणाची, हे ओळखण्याची खूण

उपकरणाचा शून्यबिंदू सरकलेला असेल तर सर्व कोनांत सारखाच फरक येतो. नळीची लांबी सेंटिमीटरमध्येच ठेवून डेसिमीटरमध्ये बदलायची राहिली असेल तर उत्तर दहापट चुकते आणि ते लगेच डोळ्यांत भरते. "शंभर मिलिलीटर पाणी" या चुकीची खूण मात्र वेगळी आहे : संहती वाढेल तशी चूक वाढत जाते. ५, १०, १५ आणि २० ग्रॅम साखर प्रत्येकी १०० मिलिलीटर पाण्यात घातली, तर खऱ्या संहती ४.८५, ९.४२, १३.७ आणि १७.८ टक्के होतात, आणि त्यावरून काढलेले विशिष्ट वलन अनुक्रमे ६४.५, ६२.६, ६०.८ आणि ५९.२ असे पायरीपायरीने उतरत जाते. संहती आणि कोन यांचा आलेख सरळ रेषेत न जाता वरच्या टोकाला खाली वाकतो. सुक्रोजचे विशिष्ट वलन या टापूत संहतीनुसार फारच थोडे बदलते, म्हणून असा वाकलेला आलेख दिसला की उपकरण उघडण्याआधी द्रावण कसे केले होते ते विचारावे. पिपेटने २५ मिलिलीटर द्रावण घेऊन ते तोलले तरीही निदान होते. २० अंश सेल्सिअस तापमानाला वरील तीन बाटल्यांतील २५ मिलिलीटर द्रावणाचे वजन अनुक्रमे सुमारे २६.६६, २६.८७ आणि २७.०२ ग्रॅम भरते. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीचे तापमान तीस अंशांच्या वर असते आणि त्यामुळे हे आकडे थोडे खाली सरकतात. म्हणून त्याच दिवशी, त्याच खोलीत नव्याने अचूक केलेल्या द्रावणाशी तुलना करणे अधिक विश्वासार्ह ठरते.

साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत ही व्याख्या किती काटेकोरपणे पाळली जाते हे पाहण्यासारखे आहे. साखरेचे "पोल", म्हणजे पोलॅरिमीटरने काढलेले सुक्रोजचे प्रमाण, मोजण्यासाठी आंतरराष्ट्रीय मापश्रेणीत २६ ग्रॅम नमुना विरघळवून एकूण १०० मिलिलीटर द्रावण केले जाते, आणि २०० मिलिमीटर नळीत शुद्ध सुक्रोजच्या अशा द्रावणाचे वाचन १०० धरलेले आहे. कोणी २६ ग्रॅम साखरेत १०० मिलिलीटर पाणी ओतले, तर द्रावण सुमारे ११६ मिलिलीटर होईल आणि अगदी शुद्ध साखरेचे वाचनसुद्धा ८६ च्या आसपास येईल. कारखान्याच्या प्रयोगशाळेत अशी चूक झाली तर ती त्याच दिवशी उघड होते, कारण तिथे वाचनाला पैशाचे मोल असते. महाविद्यालयात ती वर्षानुवर्षे वहीत राहू शकते. याच कारखान्यांत आणि द्राक्षबागांतही वापरले जाणारे "ब्रिक्स" हे माप मात्र वजनाला वजन या पद्धतीचे आहे. २० ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात २० ग्रॅम सुक्रोज, म्हणजे तिसऱ्या तुकडीची बाटली. ऊस आणि द्राक्षांच्या पट्ट्यातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना ब्रिक्स चांगले ठाऊक असते, आणि नेमका तोच आकडा ते वजन-आकारमान टक्केवारीच्या जागी वापरतात, असे मला अनेकदा आढळले आहे.

ही चूक इतकी वर्षे लपून का राहते

कारण सर्व पदार्थ साखरेसारखे वागत नाहीत. मिठाचा एक ग्रॅम पाण्यात जेमतेम ०.३ मिलिलीटर जागा घेतो. ०.९ टक्के सलाइन करताना ०.९ ग्रॅम मीठ १०० मिलिलीटर पाण्यात घातले तर आकारमान सुमारे पाव मिलिलीटरने वाढते. ही चूक मोजपात्राच्या स्वतःच्या मर्यादेतच बुडून जाते. २० टक्के मिठाच्या द्रावणात मात्र तीच पद्धत वापरली, तर द्रावण जवळजवळ १०७ मिलिलीटर होते आणि खरी संहती १८.७ टक्क्यांवर येते. कॉस्टिक सोड्याचे उदाहरण याहून फसवे आहे. १० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड १०० मिलिलीटर पाण्यात विरघळवून थंड केले, तर आकारमान जवळजवळ १०० मिलिलीटरच राहते, कारण त्याचे आयन आसपासचे पाण्याचे रेणू घट्ट ओढून घेतात. ज्या सहकाऱ्याने आयुष्यभर मीठ आणि कॉस्टिक यांची पातळ द्रावणे "शंभर मिलिलीटर पाण्यात" केली आहेत, त्याचा अनुभव त्याला सांगतो की या पद्धतीत काही चूक नाही. तो खोटे बोलत नसतो. साखर, ग्लुकोज, युरिया, सायट्रेट यांची दाट द्रावणे करायची वेळ आली की तोच अनुभव त्याला अडचणीत आणतो.

हिशेब आणि हाताची पद्धत

हिशेब अगदी लहान आहे. लागणारे ग्रॅम म्हणजे टक्केवारी गुणिले हवे असलेले मिलिलीटर, भागिले शंभर. २५० मिलिलीटर ०.९ टक्के सलाइनसाठी ०.९ × २५० ÷ १०० = २.२५ ग्रॅम मीठ लागते. एक टक्का म्हणजे एका लिटरला १० ग्रॅम, म्हणजेच एका मिलिलीटरला १० मिलिग्रॅम, हे रूपांतर पाठ असले की निम्मे गोंधळ टळतात. टक्केवारीवरून मोलरता, म्हणजे एका लिटरमधील मोलची संख्या, काढायची असेल तर लिटरमधील ग्रॅमला रेणूभाराने भागावे : सलाइनमध्ये ९ ÷ ५८.४४ = ०.१५४ मोल प्रति लिटर.

तोललेले द्राव्य बीकरमध्ये अंतिम आकारमानाच्या साधारण साठ ते सत्तर टक्के पाण्यात पूर्ण विरघळवावे. ते व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओतावे, बीकर आणि काचकांडी थोड्या थोड्या पाण्याने दोन-तीनदा विसळून ते पाणीही फ्लास्कमध्येच घ्यावे, आणि खुणेच्या थोडे खाली पोहोचल्यावर ड्रॉपरने थेंब थेंब पाणी घालून, डोळा खुणेच्या पातळीत ठेवून, द्रवाच्या वक्र पृष्ठभागाचा तळ खुणेला टेकवावा. पोटॅशियम परमँगनेटसारख्या गडद द्रावणात तळ दिसत नाही; तिथे वरची कड वाचतात. त्यानंतर बूच लावून फ्लास्क दहा-पंधरा वेळा उलटासुलटा करावा. हे शेवटचे काम घाईत राहून जाते आणि मग एकाच फ्लास्कमधून घेतलेले पहिले आणि शेवटचे २५ मिलिलीटर वेगवेगळे निघतात. दाट साखरेच्या द्रावणात तर तळाशी थर राहिलेला नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

बीकरवरच्या रेघांवर द्रावण करणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. त्या रेघा साधारण पाच टक्क्यांच्या फरकाने बरोबर असतात. त्या अंदाजासाठी आहेत. १०० मिलिलीटरच्या "बी" वर्गाच्या मोजपात्राची मर्यादा एक मिलिलीटर, तर "ए" वर्गाच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कची मर्यादा ०.१ मिलिलीटर असते. साबणाचे किंवा डाग धुण्याचे द्रावण मोजपात्रात केले तरी चालते. पोलॅरिमीटरसाठी किंवा अनुमापनासाठी (टायट्रेशनसाठी) करायचे द्रावण फ्लास्कमध्येच व्हायला हवे. काचेवर २० किंवा २७ अंश असे तापमान छापलेले असते, ते शोभेसाठी नसते : खूण त्या तापमानालाच बरोबर असते.

येथूनच पुढची नेहमीची चूक सुरू होते. कॉस्टिक सोडा विरघळताना द्रावण हाताला चटका बसण्याइतके तापते, आणि घाईत ते गरम असतानाच खुणेपर्यंत भरले जाते. साधे पाणी ६० अंशांवरून २० अंशांवर आले की त्याचे आकारमान सुमारे दीड टक्क्याने घटते. म्हणजे गरम असताना १०० मिलिलीटरला भरलेले द्रावण थंड झाल्यावर साधारण ९८.५ मिलिलीटर उरते आणि संहती तेवढ्या प्रमाणात वाढते. उलट, पाण्यात विरघळताना थंडावा देणाऱ्या युरियाचे किंवा अमोनियम क्लोराइडचे द्रावण थंड असतानाच भरले तर चूक विरुद्ध दिशेला जाते. उपाय एकच : द्रावण खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय शेवटचे पाणी घालू नये. कॉस्टिक नेहमी पाण्यात थोडे थोडे टाकावे, कॉस्टिकवर पाणी ओतू नये, आणि चष्मा व हातमोजे घातल्याशिवाय बाटली उघडू नये.

सगळे बरोबर करूनही संहती कमी भरते : स्फटिकजल आणि शुद्धता

खुणेपर्यंत भरण्याची सवय लागल्यानंतरही काही द्रावणे चुकतच राहतात, आणि अशा वेळी कपाटातली बाटली काढून तिच्यावरचे नाव पूर्ण वाचावे लागते. मोरचुदाच्या निळ्या स्फटिकांत पाच रेणू पाणी असते. त्यांचा रेणूभार २४९.७ आणि निर्जल कॉपर सल्फेटचा १५९.६, म्हणजे निर्जल पदार्थाच्या हिशेबाने एक टक्का हवे असेल तर १०० मिलिलीटरला १.५६ ग्रॅम स्फटिक घ्यावे लागतात. धुण्याच्या सोड्यात तर दहा रेणू पाणी आहे आणि हे गुणोत्तर २.७ इतके होते. त्यातच उघड्या डब्यात त्याचे स्फटिक पाणी सोडून पांढरे, भुसभुशीत होत जातात, त्यामुळे जुन्या डब्यातल्या पदार्थाचे नेमके सूत्र काय उरले आहे हे कोणालाच सांगता येत नाही. अशा डब्यातून अचूक द्रावण करूच नये. निर्जल सोडियम कार्बोनेट तापवून, कोरडे करून, डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा येऊ न देणाऱ्या बंद भांड्यात, थंड करून तोलावे.

यातले सर्वांत गंभीर उदाहरण मला सायट्रेटचे वाटते, कारण त्याचा संबंध रुग्णाच्या अहवालाशी येतो. रक्त गोठण्याच्या चाचण्यांसाठी नऊ भाग रक्ताला एक भाग ३.२ टक्के सोडियम सायट्रेट वापरतात, आणि वेस्टरग्रेन पद्धतीच्या ईएसआर (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग मोजणाऱ्या) चाचणीत चार भाग रक्ताला एक भाग ३.८ टक्के सायट्रेट. हे दोन्ही आकडे दोन रेणू स्फटिकजल असलेल्या ट्रायसोडियम सायट्रेटचे आहेत, ज्याचा रेणूभार २९४.१ आहे. त्यामुळे ३.२ टक्के म्हणजे ०.१०९ मोल प्रति लिटर. कपाटात निर्जल सायट्रेट असेल, त्याचा रेणूभार २५८.१, आणि कोणी तेवढेच ३.२ ग्रॅम तोलले, तर द्रावण ०.१२४ मोलर होते, म्हणजे जवळजवळ ३.६५ टक्के. रक्तातील कॅल्शियम जास्त बांधले जाते आणि प्रोथ्रॉम्बिन टाइमसारखी रक्त गोठण्याची वेळ लांबू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची मात्रा ज्या आकड्यावरून ठरवली जाते, तो आकडा अशा कारणाने सरकावा हे मला मान्य होत नाही. आता बहुतेक ठिकाणी तयार भरलेल्या निळ्या बुचाच्या नळ्या वापरतात आणि हा धोका पुष्कळ कमी झाला आहे. तरीही जिथे द्रावण प्रयोगशाळेतच केले जाते, तिथे बाटलीवर "सोडियम सायट्रेट ३.२ टक्के" एवढे लिहून भागत नाही, कोणते सायट्रेट, हेही लिहिले पाहिजे.

शुद्धतेची दुरुस्ती त्यामानाने सोपी आहे. बाटलीवर ९७ टक्के लिहिले असेल तर १० ग्रॅमऐवजी १० ÷ ०.९७ = १०.३ ग्रॅम घ्यावे. मात्र कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड सतत शोषत असतात, पावसाळ्यात तर तोलताना आकडा डोळ्यांसमोर वाढत जातो. म्हणून कॉस्टिकची तोलून केलेली टक्केवारी ही कायम अंदाजच समजावी आणि ऑक्झॅलिक आम्ल किंवा पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटशी अनुमापन करून खरी संहती ठरवावी.

द्रवरूप रसायने, फार थोडी वजने आणि न विरघळणारे चूर्ण

संहत हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीवरचे ३७ टक्के हे वजनाला वजन असतात, हे विसरले जाते. १.१८ घनता धरली तर १०० मिलिलीटरमध्ये ३७ × १.१८ = ४३.७ ग्रॅम आम्ल असते. १०० मिलिलीटर १० टक्के वजन-आकारमान द्रावणासाठी २२.९ मिलिलीटर संहत आम्ल पुरते. जो ३७ हाच आकडा सरळ सूत्रात घालतो तो २७ मिलिलीटर घेतो आणि द्रावण ११.८ टक्के होते. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नव्हे, हे येथे पुन्हा सांगितलेच पाहिजे.

वजन फार थोडे असेल तेव्हा तराजूची मर्यादा आडवी येते. ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या तराजूवर १०० मिलिलीटर ०.०५ टक्के मिथिलीन ब्लूसाठी ०.०५ ग्रॅम तोलले, तर शेवटच्या अंकातला एकाचा फरकसुद्धा वीस टक्क्यांची चूक करतो. त्याऐवजी एक ग्रॅमचे १ टक्का साठाद्रावण करावे आणि त्यातले ५ मिलिलीटर घेऊन १०० मिलिलीटरला भरावे.

कधी कधी पदार्थ विरघळतच नाही आणि दोष ढवळण्याला दिला जातो. मीठ खोलीच्या तापमानाला १०० मिलिलीटर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅमच विरघळते आणि अशा संपृक्त द्रावणाची वजन-आकारमान टक्केवारी साधारण ३२ च्या जवळ असते. ४० टक्के मिठाचे द्रावण मागणारी कृतीच चुकीची असते. आयोडीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून आधी पोटॅशियम आयोडाइड अगदी थोड्या पाण्यात विरघळवून त्या दाट द्रावणात आयोडीन घालावे आणि ते पूर्ण विरघळल्यावरच पाणी वाढवावे. क्रम उलटला तर तळाशी काळे कण दिवसभर तसेच राहतात. फिनॉल्फ्थॅलीन अल्कोहोलमध्येच विरघळवावे. एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट) या साबणासारख्या पदार्थाच्या १० टक्के द्रावणाला फेस येतो आणि खूण दिसत नाही. ते हळू ढवळावे, फेस बसू द्यावा, मग शेवटचे पाणी घालावे. तेच द्रावण फ्रिजमध्ये ठेवले तर पांढरे होऊन बसते, ते बिघडलेले नसते, कोमट केले की पुन्हा निवळते.

याच्या उलट टोकाला शंभर टक्के ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल आहे. शंभर टक्के द्रावण कसे असू शकेल, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. वजन-आकारमान टक्केवारीत अंशस्थानी ग्रॅम आणि छेदस्थानी मिलिलीटर असल्यामुळे ती शंभरावर थांबण्याचे काही कारण नाही. त्या आम्लाच्या ५०० ग्रॅमच्या बाटलीत २२७ मिलिलीटर पाणी घालतात तेव्हा ५०० मिलिलीटर द्रावण होते, आणि दर १०० मिलिलीटरमध्ये १०० ग्रॅम आम्ल असते. हे आम्ल कातडी जाळते, त्यामुळे ते स्वतः करण्याचा उत्साह विद्यार्थ्यांनी दाखवू नये.

डीएनएचे तुकडे वेगळे करण्यासाठी वापरतात ते अ‍ॅगरोजचे जेल हे आणखी एक चुकण्याचे ठिकाण. १ ग्रॅम अ‍ॅगरोज १०० मिलिलीटर बफरमध्ये मायक्रोवेव्हमध्ये उकळताना वाफ जाते आणि जेल ठरवल्यापेक्षा घट्ट होते. डीएनएच्या पट्ट्या मग अपेक्षेपेक्षा कमी अंतर जातात. उकळण्यापूर्वी फ्लास्क भरलेल्या अवस्थेत तोलून ठेवावा आणि नंतर जितके वजन घटले तितके गरम पाणी घालावे, म्हणजे एका आठवड्याचे जेल दुसऱ्या आठवड्याच्या जेलशी जुळते.

चुकलेले द्रावण वाचवता येते का

खुणेच्या वर पाणी गेले तर जास्तीचे द्रावण पिपेटने काढून टाकून पातळी खुणेवर आणण्याची सवय अनेकांना असते. त्याने काहीही दुरुस्त होत नाही, कारण काढलेल्या द्रावणाबरोबर द्राव्यही जाते आणि उरलेले तितकेच पातळ राहते. ते टाकून नव्याने करावे. पहिल्या तुकडीसारखे २० ग्रॅम साखर आणि १०० मिलिलीटर पाणी झालेले असेल, तर हिशेबाने त्यात आणखी २.८३ ग्रॅम साखर घातल्यावर ११४ मिलिलीटरच्या आसपास २० टक्के द्रावण मिळते. पण हा हिशेब ०.६२ या आकड्यावर उभा आहे, आणि ज्या पदार्थाचा असा आकडा हाताशी नाही तिथे तो करता येत नाही. साखर स्वस्त आहे, मी ते द्रावण वेगळ्या बाटलीत "१७.८ टक्के" असे लिहून ठेवतो आणि विद्यार्थ्यांच्या आलेखावर एक जादा बिंदू म्हणून वापरतो. तो बिंदू खऱ्या रेषेवर बरोबर बसतो, तेव्हा पोलॅरिमीटरबद्दलची शंका त्यांच्या मनातून जाते.

बाटलीवर काय लिहावे याचा आग्रह मी धरतो : पदार्थाचे नाव स्फटिकजलासह, टक्केवारी आणि ती वजन-आकारमान की वजनाला वजन की आकारमानाला आकारमान, द्रावक पाणी नसेल तर तो, तारीख, आणि करणाऱ्याची आद्याक्षरे. साखरेच्या बाटलीवर तारीख विशेष महत्त्वाची, कारण दोन-चार दिवसांत त्यात बुरशी येते, आणि द्रावणात आम्लाचा अंश असेल तर सुक्रोजचे हळूहळू ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विघटन होऊन कोन घटत जातो. संहती बरोबर असूनही उत्तर चुकण्याचे हे कारण ताजे द्रावण करून लगेच तपासता येते.

राहिल्या जुन्या वह्यांतील कृती. त्यांत अनेकदा "अमुक ग्रॅम, पाणी १०० मिलिलीटर" असे लिहिलेले असते. प्रत्येक ठिकाणी ती चूक आहे असे समजून बदलू नये. विद्राव्यतेचे तक्ते जाणूनबुजून १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलीटर पाण्याच्या हिशेबाने दिलेले असतात, आणि जिवाणू रंगवण्याच्या ग्रॅम रंजकपद्धतीच्या (हे ग्रॅम वजनाचे नव्हे, शास्त्रज्ञाचे नाव) आयोडीनची १ ग्रॅम आयोडीन, २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड व ३०० मिलिलीटर पाणी ही कृती तशीच रूढ आणि पुरेशी आहे. अशी कृती लिहिली आहे तशीच करावी आणि बाटलीवर टक्केवारी न लिहिता कृतीच लिहावी. शंका असेल तिथे त्या द्रावणाने पुढे काय मोजायचे आहे ते विचारावे : रंग दिसणे एवढेच हवे असेल तर जुनी कृती चालू ठेवावी, आणि त्या द्रावणाच्या आकड्याने एखादा भागाकार होणार असेल तर ते खुणेपर्यंत भरून नव्याने करावे.